पडवीतली खानावळ

"आई, मी बाजूला."

सकाळचे सहा वाजले होते. दुर्वा मागच्या दारात, उंबऱ्याच्या पलीकडे उभी होती. केस विस्कटलेले, डोळ्यांखाली काळं. नैवेद्याचा भात ढवळत होते ती पळी मी ओट्यावर ठेवली आणि तिच्याकडे बघतच राहिले.

"अगं, परवाच तर न्हायलीस!"

"परवा कुठे? आठ दिवस झाले."

"आठ दिवस म्हणजे परवाच. पोटात दुखतंय?"

"थोडं."

"जास्त जातंय का?"

"थोडं." मग खाली बघत म्हणाली, "आई, फोन दे ना."

मी कपाटातून माझा जुना फोन काढला आणि उंबऱ्यावर ठेवला. तिने तो उचलला, चार्जर उचलला आणि पडवीच्या खोलीत जाऊन दार लोटून घेतलं. तेवढ्यात मधल्या खोलीतून माझा मुलगा ओरडला, "मागे बघ, मागे! मेलास ना गाढवा!"

"देवीच्या नैवेद्याच्या वेळेला कोण मेलं रे?" मी इथूनच ओरडले. उत्तर आलं नाही. प्रथमेशच्या कानात फोनची ती बोंडं खुपसलेली असत. त्याचं नाव प्रथमेश, पण घरात परथ्या, आणि त्या दिवसांत मी त्याला ज्या नावांनी हाक मारत होते ती इथे लिहिण्यासारखी नाहीत.

मी भिंतीवरच्या कॅलेंडरशी गेले. पेन्सिलीने केलेले गोल मोजले. आधी अठ्ठावीस दिवसांनी. मग बावीस. मग वीस, अठरा, सोळा. मग पंधरा. आणि आता बारा.

आमचं गाव देवरुखपासून एसटीने अर्ध्या तासावर. गावदेवीची पूजा पिढ्यान्‌पिढ्या आमच्या घराकडे, आणि रोजचा नैवेद्य आमच्याच चुलीवरचा. त्यामुळे घरातल्या बाईला कावळा शिवला की चार दिवस तिने बाजूला बसायचं, स्वयंपाकघराकडे फिरकायचं नाही, कशाला हात लावायचा नाही. जुनं घर पाडून स्लॅबचं बांधलं, फरशी घातली, पण मागच्या पडवीला लागून एक छोटी खोली मुद्दाम ठेवली ती याच्यासाठी. आज हे सांगताना लाज वाटते. तेव्हा वाटत नव्हती. पाऊस पडतो, आंबा मोहरतो, तसं बायका बाजूला बसतात, इतकं ते साधं होतं.

दुर्वा पहिल्यांदा त्या खोलीत बसली तेव्हा रडली होती. म्हणून मीच तिला माझा जुना फोन दिला. गाणी ऐक म्हटलं, मन रमव. चार दिवस झाले, न्हाऊन आत आली की फोन परत माझ्या कपाटात. परथ्याकडे स्वतःचा फोन होता, बारावीच्या क्लाससाठी घेतलेला. मुलीला एवढ्यात कशाला, असं घरात ठरलं होतं. कुणी ठरवलं ते मला आजही आठवत नाही.

त्या क्लासच्या फोनने परथ्याची बारावी गिळली. सहामाहीला तीन विषय गेले. जेवताना फोन, संडासात फोन. काढून घेतला तर ताट भिरकावलं. शेवटी दोन महिन्यांपूर्वी आम्ही त्याला रत्नागिरीला समुपदेशनासाठी नेलं. मुकादम मॅडम म्हणून एक तरुण बाई होत्या, शांत बोलायच्या. त्यांनी वीस प्रश्नांचा एक कागद दिला, घरी भरून आणा म्हणाल्या. खेळ थांबवावा लागला की चिडचिड होते का? खेळण्यासाठी घरच्यांशी खोटं बोलता का? असलं सगळं. परथ्या कसला भरतोय! दुर्वाच त्याच्यापाशी बसली, एकेक प्रश्न मोठ्याने वाचून दाखवला, आणि तो "हां", "नाय" म्हणेल तशा खुणा करत गेली. किती समजूतदार पोर माझी, असं मला वाटलं.

"घरात आणखी कुणी खेळतं?" मॅडमनी विचारलं होतं.

"मुलगी आहे दहावीतली," मी म्हटलं. "पण तिला कुठे वेळ असतो?"

आणि हे मी अभिमानाने सांगितलं होतं.

तर त्याच दिवशी, मंगळवारी, मी दुर्वाला घेऊन देवरुखला केळकर डॉक्टरीणबाईंकडे गेले. ही दुसरी खेप. पहिल्या वेळी त्यांनी गोळ्या दिल्या होत्या. आता त्यांनी दुर्वाची पापणी ओढून पाहिली, वजन केलं. अडीच किलो उतरलं होतं.

"झोप लागते का गं?"

"लागते," दुर्वा म्हणाली.

"गोळ्यांनी फरक नाही म्हणजे आत बघायला हवं. शनिवारी रत्नागिरीला सोनोग्राफी करून घ्या. घाबरू नका, पण टाळूही नका."

घाबरू नका म्हणणाऱ्या डॉक्टरांचं मला नवल वाटतं. माझी धाकटी बहीण नंदा. तिचंही असंच, महिन्यातून दोनदोनदा. लाजेने कुणाला बोलली नाही. सत्ताविसाव्या वर्षी तिची पिशवी काढली. मूल नाही झालं, आणि सासरी जी काही किंमत होती तीही गेली. येताना एसटीत दुर्वा खिडकीला डोकं टेकून बसली होती आणि मला तिच्या जागी नंदाच दिसत होती. शनिवारच्या त्या यंत्रात काय दिसेल, या एका विचारापलीकडे माझं डोकं चालेना.

बुधवारी जेवताना मी आमच्या ह्यांच्याकडे विषय काढला. सासूबाई पाटावर होत्या, परथ्या एका हाताने जेवत होता आणि दुसऱ्या हाताने लढत होता. दुर्वाचं ताट नेहमीप्रमाणे पडवीत.

"मला एक विचारायचंय," मी म्हटलं. "पोर आजारी आहे. बारा-बारा दिवसांनी तिला त्या खोलीत एकटीला टाकायचं मला बरं वाटत नाही. तिला आत घेऊया. कायमची. नैवेद्याला मी आहे, तिने तिथे हात नाही लावला म्हणजे झालं."

मला वाटलं होतं आता भांडण होणार. मी तयारीने बसले होते. पण ह्यांनी हातातला घास खाली ठेवला आणि म्हणाले, "देवी काय आपल्या लेकीवर रागावणार आहे? घे आत."

सासूबाईंनी ताक ओतून घेतलं.

मला इतका आनंद झाला की मी उष्ट्या हाताने पडवीच्या दाराशी गेले. "दुर्वा, ये बाळा आत. बाबा हो म्हणाले. आता बाजूला बसायचं नाही. कधीच नाही."

ती दचकून उभी राहिली. आणि तिच्या तोंडाचा रंगच उडाला.

"नको," ती म्हणाली.

"नको काय?"

"नको आई. मी बसते. मला... मला बसायचंय. देवीचं आहे ना. नको मोडूया."

आतून सासूबाईंचा आवाज आला, "बघा गो बाई! पंधरा वर्षांची पोर, पण वळण बघा."

वळण! मी तिथेच उभी राहिले. स्वतःहून सांगते, मला तेव्हा आनंद व्हायला हवा होता, पण मला राग आला. मी एवढी भांडायला कंबर कसून बसलेली, आणि जिच्यासाठी कसली तीच म्हणते नको. काय म्हणावं या पोरीला, असं पुटपुटत मी भांडी आवरली. परथ्याने उष्टं ताट तिथेच टाकलं होतं. ते मीच उचललं, रोजच्यासारखं.

शुक्रवारी दुपारी मी तिची पिशवी भरायला घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळची पहिली एसटी धरायची होती. दुर्वा विहिरीपाशी धोंडीवर तिची चादर धूत होती. मी आयुष्यात पहिल्यांदा, माझे दिवस नसताना त्या खोलीत पाऊल टाकलं. बाजारातून नवं पाकीट आणलं होतं, बायकांचं, काळ्या पिशवीतलं. ते ठेवायला म्हणून कोपऱ्यातल्या तिच्या गोधड्या उचलल्या.

खाली अशीच पाच पाकिटं होती. एकही फोडलेलं नव्हतं.

मी खाली बसले. एकेक पाकीट हातात घेऊन बघितलं, जणू त्यावर काही लिहिलेलं असणार होतं. गणपतीच्या आधी आणलेलं, गणपतीनंतरचं, दसऱ्याचं. दर खेपेला मी मुकाट्याने नवं आणून उंबऱ्यावर ठेवत गेले होते आणि जुन्याचं काय झालं हे एकदाही बघितलं नव्हतं. घरातल्या तांदळाच्या डब्यात बोट घालून किती दिवस पुरेल ते सांगणारी बाई मी!

उशीखाली फोन गुरगुरला. मग पुन्हा. मग पुन्हा.

दुर्वा दारात आली. हात ओले, ओढणी कमरेला खोचलेली. तिने मला पाहिलं, माझ्या मांडीवरची पाकिटं पाहिली, आणि ती दाराच्या चौकटीला टेकून खाली बसली.

"तुला पाळी आलेली नाही," मी म्हटलं.

तिने मान हलवली.

"मागच्या खेपेलाही नव्हती."

पुन्हा मान हलली.

"आणि गोळ्या?"

"अबोलीच्या कुंडीत पुरल्या."

"म्हणजे तू आजारी नाहीस?"

"नाही."

आता आई म्हणून मी काय करायला हवं होतं ते मला माहीत नाही. मी जे केलं ते सांगते. मी उठले आणि तिला घट्ट मिठी मारली. मग पाठीत एक धपाटा घातला, चांगला सणसणीत. मग पुन्हा मिठी मारली. नंदा, सोनोग्राफी, ते यंत्र, सगळं माझ्या डोळ्यांतून वाहून जात होतं आणि मी म्हणत होते, "मेले, तीन महिने माझा जीव टांगणीला लावलास गं!"

ती रडायला लागली. फोन अजून गुरगुरतच होता. मी उशी उचलली.

"काय आहे यात? दाखव."

"आई, नको ना."

"दाखव म्हणते ना."

तिने ओल्या बोटाने फोन उघडला. मला वाटलं होतं परथ्यासारख्या बंदुका असतील. किंवा, खरं सांगते, एखादा मुलगा असेल. पण पडद्यावर एक हॉटेल होतं. चकचकीत टेबलं, भट्टी, तवे, आणि ॲप्रन घातलेली एक छोटीशी बाई. समोर गिऱ्हाइकांची रांग. एक टकला माणूस रागाने लाललाल होत चालला होता.

"हे कुणाचं?"

"माझं."

"खेळ आहे?"

"हो. ऑनलाइन. आमची टीम आहे, सोळा जणींची. वेगवेगळ्या गावांच्या. दर आठवड्याला स्पर्धा असते. मी कॅप्टन आहे. मी नसले की सगळ्यांचा नंबर खाली जातो."

"आणि हा टकल्या का चिडलाय?"

"त्याला भजी हवीत. मी चादर धुवायला गेले ना." आणि बोलता बोलता, डोळे पुसायच्या आधी, तिने त्याला भजी वाढली. टकला हसला. पडद्यावर पिवळे तारे नाचले.

मी बघतच राहिले. "अगं, मी इथे पहाटेपासून रांधते. माझ्या हाताखाली तू रांधतेस, पोळ्या लाटतेस, भांडी घासतेस. आणि तिथून पळून जाऊन पुन्हा रांधतेसच? भावासारख्या गोळ्या तरी झाडायच्यास!"

तिला रडता रडता हसू फुटलं. मग हसू गेलं.

"तिथे ताट दिलं की माणूस खूश होतो, आई. सांगतो तसं. तारे देतो. आणि तिथे मला वाटलं तर मी हॉटेल बंद करू शकते."

"मग करतेस का बंद?"

तिने पडद्यावरचं ओलं बोट उचललं.

"नाही," ती म्हणाली. "तेच होत नाही. आधी फक्त चार दिवस खेळायचे. मग आत आल्यावर करमेना. पोळी लाटताना डोळ्यांसमोर ती रांग दिसायची. भूगोलाच्या पेपरात मी वीस मिनिटं नुसती बसून होते, टीमचं काय झालं असेल म्हणून. फोन मला बाजूला बसल्यावरच मिळतो ना? म्हणून मी... आधी सहा दिवस लवकर सांगितलं. कुणी काही विचारलं नाही. मग आणखी लवकर. खरी आली की शाळेत मिळतात ती पाकिटं वापरायचे. रात्री झोपत नाही मी आई. चार दिवस अजिबात नाही."

"मला सांगायचंस."

"काय सांगायचं? दादा खेळतो तेव्हा सगळ्या घराला कळतं. तो ओरडतो, ताट फेकतो. तुम्ही त्याला रत्नागिरीला नेलंत. तो कागद मीच वाचला ना त्याच्यापाशी बसून? त्याच्या तेरा प्रश्नांना 'हो' आलं. मी मनातल्या मनात माझी मोजली. सोळा आली." ती ओढणीच्या टोकाशी चाळा करत होती. "मला वाटलं, त्या बाई माझ्याबद्दल विचारतील. तू घरी येऊन सांगितलंस, त्यांनी विचारलं होतं म्हणून. आणि तू काय उत्तर दिलंस तेही सांगितलंस. हसून."

कुठे बघावं ते मला कळेना. मी टकल्याकडे बघितलं. तो गेला होता. दुसरं कुणी तरी उभं होतं.

"मला पण ने ना तिकडे," दुर्वा म्हणाली. "दादासारखं. मला खरंच थांबायचंय."

मी फोन तिच्या हातातून घेतला नाही. तिचा हात हातात घेतला. "एक सांगू? मी लग्न होऊन आले ना, तेव्हा घरात अकरा माणसं होती. चार दिवस मी जुन्या घरातल्या अशाच खोलीत झोपून काढायचे. आणि पाचव्या दिवशी सगळं थांबलेलं असलं तरी सांगायचे, अजून आहे म्हणून. एक दिवस जास्त झोप मिळायची."

"तू?"

"मीच. तुझ्या आजीला आजतागायत पत्ता नाही."

संध्याकाळी मी ह्यांना सांगितलं. ते अंगणात वाती वळत बसले होते. शेजारी सासूबाई भिजवलेल्या वालाचं बिरडं सोलत होत्या. मी काही लपवलं नाही. पाळी खोटी, गोळ्या कुंडीत, रात्रंदिवस फोन.

त्यांचा हात थांबला. "कुणाशी बोलते ती? कोण आहे?"

"कोण म्हणजे?"

"मुलगा कोण आहे?"

"परथ्या खेळायला लागला तेव्हा तुम्ही विचारलंत, मार्क किती पडले. हिचं कळलं तर विचारता मुलगा कोण. मुलगा नाही. खानावळ आहे." आणि मग मी त्यांना टकल्याची भजी सांगितली.

त्यांनी हातातली वात पुन्हा वळायला घेतली. "खानावळ," ते म्हणाले. "म्हणजे घरातलं काम करून दमत नाही होय पोर?"

"दमते. म्हणूनच."

हे त्यांना लगेच कळलं असं मी म्हणणार नाही. पण ते रागावले नाहीत, याचं पुण्य त्यांच्या पदरी आहे. "फोन काढून घे," एवढं म्हणाले.

"परथ्याचा काढून घेतला होता. काय झालं? ताट भिरकावलं. ही ताट भिरकावणार नाही. ही दुसरं काही तरी खोटं शोधेल, आणि ते आपल्याला कळणारसुद्धा नाही. उद्या तिला रत्नागिरीला नेते. केळकरबाईंना फोन करून सांगितलंय, सोनोग्राफी नको. मुकादम मॅडमकडे नेते."

मला धास्ती सासूबाईंची होती. पाळीचं खोटं सांगणं म्हणजे देवीशी खोटं बोलणं, असं त्या म्हणाल्या असत्या तर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

त्यांनी एक वाल सोलून वाटीत टाकला. "तुझा पाचवा दिवस मी कधी मोजला नाय गो," त्या म्हणाल्या. "मग पोरीचा कशाला मोजू?"

माझं तोंड उघडं राहिलं. वीस वर्षं या बाईला मी आंधळी समजत होते! त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. आतल्या दिशेला तोंड करून हाक मारली, "परथ्या! ए परथ्या! ये इकडे. उद्या तुझी आई जाणार. तांदूळ कसे निवडायचे ते शिकून घे."

"आजी, मॅच चालू आहे!"

"मॅच राहू दे. आम्ही जेवायचं काय, मॅच?"

शनिवारी आम्ही रत्नागिरीला गेलो. मुकादम मॅडमनी मला ओळखलं. "प्रथमेश नाही आला?"

"आज मुलीला आणलंय," मी म्हटलं. "मागच्या वेळी तुम्ही विचारलं होतंत. मी चुकीचं सांगितलं."

त्यांनी मला काही ऐकवलं नाही. खुर्ची पुढे केली आणि दुर्वालाच विचारलं, "आई इथे बसली तर चालेल?" दुर्वा थोडा विचार करून म्हणाली, "नको." मी बाहेर बाकावर बसले. तास झाला, सव्वा तास झाला. आतून एकदा रडण्याचा आवाज आला, एकदा हसण्याचा. मी उठून दाराशी जायचे आणि परत येऊन बसायचे.

मग त्यांनी मला आत बोलावलं. "एकदम बंद करायचं नाही," त्या म्हणाल्या. "टीमला तिने स्वतः सांगायचंय, की मी कॅप्टनपद सोडते. ते तिला जड जाणार आहे, मैत्रिणी आहेत त्या. वेळ हळूहळू उतरवू. आणि मला एक सांगा, हिला रोज स्वतःचा मोकळा वेळ किती असतो? कुणी हाक मारणार नाही असा?"

मी बोटांवर मोजायला सुरुवात केली. सकाळी पाणी, नैवेद्याची तयारी, शाळा. आल्यावर केर, कपड्यांच्या घड्या, पोळ्या, भांडी, मग अभ्यास. बोटं संपली तरी तो वेळ काही सापडला नाही.

"आईला विचारू नका," दुर्वा हळूच म्हणाली. "तिलाही नसतो."

तिचा खेळ सुटायला पावणेदोन वर्षं लागली. दहावीला तिला बासष्ट टक्के पडले. मधे दोनदा तिने चोरून खेळायला घेतलं, आणि दोन्ही वेळा स्वतःच येऊन सांगितलं. परथ्याचं तिच्या आधी सुटलं, त्याचं कौतुकही जास्त झालं. पडवीच्या खोलीत आता सायकल असते. पण हे सगळं पुढचं. त्या शनिवारी आम्हाला यातलं काही माहीत नव्हतं.

परतीच्या एसटीत खिडकीची जागा मिळाली. हातखंब्याच्या पुढे ह्यांचा फोन आला.

"काय म्हणाल्या?"

"दर शनिवारी यायला सांगितलंय."

"दोघांनाही?"

"दोघांनाही. आणि परथ्याला घरात काम लावायला सांगितलंय."

"लावलंय. भात खाली लागलाय." मग म्हणाले, "ती कशी आहे?"

मी शेजारी बघितलं. दुर्वा माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली होती, तोंड किंचित उघडं, लहानपणी झोपायची तशी. "झोपलीय," मी म्हटलं, आणि फोन ठेवला.

गाढ झोपली होती. पण मांडीवर ठेवलेला तिचा उजवा हात झोपला नव्हता. बोटं हलत होती. एक इकडे, एक तिकडे, भराभर, कुणाला तरी काही तरी वाढत असल्यासारखी. मी थोडा वेळ नुसती बघत राहिले. मग तिची ती बोटं माझ्या मुठीत धरली. आधी ती मुठीतही वळवळली. मी दाबली नाहीत, सोडलीही नाहीत. देवरुख यायला अजून तासभर होता.